सणाच्या दिवशी उतरलेली पट्टी

एकोणीसशे पासष्ट साल होतं. कैरो शहरात त्या वर्षी गाण्याने कूस बदलली. कॉफीच्या दुकानांतल्या भिंतीवरच्या मोठ्या रेडिओंना हातात मावणाऱ्या ट्रान्झिस्टरने हुसकून लावलं. ऊद आणि कानून या तिथल्या जुन्या तंतुवाद्यांच्या मांडीला मांडी लावून विजेवरची गिटार बसायला लागली. तरुण पोरं टाळ्या पिटत होती, जुनी माणसं कानांवर हात ठेवत होती. त्याच वर्षी, वसंताच्या सणाच्या संध्याकाळी, मी पहिल्यांदा रेडिओच्या वाद्यवृंदात वाजले. कशी वाजले, हे त्या वेळी चारच जणांना कळलं. त्यांतली एक मी.

मित्रांनो, मी एक जुनी गळ्यातली पेटी आहे. अकॉर्डियन म्हणतात मला. इटलीतल्या एका टेकडीवरच्या गावात माझा जन्म झाला. लाल चकचकीत अंग, मध्ये घड्याघड्यांचा भाता आणि पोटात मेणाने बसवलेल्या पोलादी जिभा. तुमचे पेटीवाले त्यांना सूर म्हणतात. माझा पहिला धनी अलेक्झांड्रियातला एक ग्रीक वादक होता. समुद्राकाठच्या नाचघरात मी त्याच्या छातीवर बसून वॉल्ट्झ वाजवले. पुढे तो देश सोडून गेला आणि मी जुन्या बाजारात एका शिवणयंत्राशेजारी येऊन पडले.

तिथून मला वगीहने उचललं. हा कैरोच्या शुब्रा वस्तीतल्या एका न्हाव्याचा मुलगा. अंगाने काटकुळा, बोटं मात्र पाण्यासारखी. कैरोतल्या एका हॉटेलच्या नाचाच्या बँडमध्ये तो मला वाजवायचा आणि घरी आला की दार लावून आपल्या लोकांची गाणी माझ्यावर शोधत बसायचा. ती सापडायची नाहीत. कारण त्या गाण्यांत एक गंधार असतो, जो शुद्धही नसतो आणि कोमलही नसतो. दोघांच्या मधोमध उभा असतो. निषादाचंही तसंच. ऊदवाला बोट किंचित सरकवतो आणि तो सूर काढतो. कानूनवाला तारेखालचा छोटा खटका पाडतो. मी काय करणार? माझी पट्टी दाबली की जो सूर ठरलेला, तोच निघायचा.

शेवटी वगीह मला होवसेपकाकांकडे घेऊन गेला. हे आर्मेनियन गृहस्थ वाद्यं दुरुस्त करायचे. त्यांनी माझं पोट उघडलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "पोरा, जीभ मुळाशी घासली की सूर उतरतो. पण घासलेलं पोलाद परत येत नाही. ही तुझ्या नाचाच्या बँडमध्ये पुन्हा चालणार नाही. विचार कर."

"केलाय, काका. घासा."

पांढरी तीन आणि पांढरी सात, एवढ्या दोन पट्ट्यांचे सूर त्यांनी उतरवले. हात किती हलका! बारीक कानस ते नेहमी जिभेच्या लांबीने चालवायचे. "आडवी रेघ कधी मारायची नाही," ते स्वतःशीच पुटपुटायचे, "आडव्या रेघेतूनच तडा जातो." काम झाल्यावर वगीहने पांढरी एकला षड्ज धरून आपली चाल वाजवली. तो मधला गंधार माझ्या पोटातून निघाला तेव्हा त्याला हसू आवरेना.

पुढच्याच आठवड्यात हॉटेलच्या व्यवस्थापकाने त्याला घरी पाठवलं. नाचणाऱ्यांना मी बेसूर लागत होते. आता मागे जायला वाट नव्हती.

एका लग्नात आम्हाला इन्शिराहने ऐकलं. रेडिओवर तिचं नाव नुकतं गाजायला लागलं होतं. भरल्या अंगाची, मोठ्याने हसणारी बाई. सगळे तिला सित्त इन्शिराह म्हणायचे. सित्त म्हणजे बाईसाहेब. वसंताच्या मैफलीत ती एक नवीन गाणं गाणार होती आणि त्याच्या सुरुवातीला तिला नवा आवाज हवा होता. ती आम्हाला थेट तालमीच्या खोलीत घेऊन गेली. तिथे वाद्यवृंदाचे प्रमुख उस्ताद दरदीर कानून मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ही कोण? इटलीची सून?"

"आता घरचीच आहे, उस्ताद," वगीह म्हणाला. "गंधार, निषाद दोन्ही उतरवलेत."

"सून घरचे दोन शब्द बोलली म्हणून घरची होत नाही, बाळा."

सगळे हसले. इन्शिराह हसली नाही. ती हट्टाला पेटली, तेव्हा उस्तादांनी अट घातली. मैफल रेडिओवरून थेट जाणार होती. साऱ्या देशासमोर एक जरी सूर चुकला, तर वगीहने पेटी उचलायची आणि या दारात पुन्हा यायचं नाही. "आणि तुझ्यानंतर दुसऱ्या कुठल्या भातेवाल्यालाही मी आत घेणार नाही," ते म्हणाले. वगीहने मान डोलावली.  

सणाचा दिवस उजाडला. सारं कैरो रंगवलेली अंडी, कांद्याची पात आणि फसीख घेऊन हिरवळीवर लोटलं होतं. फसीख म्हणजे खारवून मुरवलेला मासा. वास असा, की रस्त्याच्या पलीकडून कळावं. तो खाल्ल्याशिवाय तिथे कुणाचा सण होत नाही. संध्याकाळी मी रंगमंचामागच्या खोलीत वगीहच्या मांडीवर होते. वाद्यं जुळवणं चाललं होतं. इतक्यात इन्शिराह आली आणि तिने तोंड उघडलं. आवाज ऐकून सगळ्यांचे हात थांबले. घसा सुजला होता.

"सित्त इन्शिराह," उस्ताद सावकाश म्हणाले, "तुम्ही फसीख खाल्लात."

"आईने भरवला, उस्ताद. म्हणाली, सणाला मासा नाही खाल्ला तर वर्ष कोरडं जातं."

"आणि खाल्लात तर गळा कोरडा जातो, हे नाही सांगितलं?"

"सांगितलं. पण तोपर्यंत दुसरा तुकडा तोंडात होता."

कुणीतरी खुदकन हसलं आणि उस्तादांच्या नजरेने गप्प झालं. इन्शिराहने दोनदा खाकरून पाहिलं आणि म्हणाली, "वरचे सूर लागणार नाहीत. एक स्वर खाली घ्या. पांढरी एक सोडा, काळी पाचमध्ये गाते."

मित्रांनो, बाकीच्यांना त्यात काही नव्हतं. व्हायोलिनवाल्यांची बोटं सरकली, उस्तादांनी खटके फिरवले, झालं. वगीह मात्र हलला नाही. षड्ज काळी पाचवर गेला म्हणजे तो मधला गंधार आला पांढरी दोनवर आणि निषाद पांढरी सहावर. तिथल्या माझ्या जिभा जशा इटलीहून आल्या तशाच होत्या. ज्या दोन सुरांसाठी त्याने पोट भरणारी नोकरी घालवली, ते आज कशालाच लागणार नव्हते. असलं दुखणं फक्त आमच्यासारख्या घासलेल्या पेट्यांचंच. ऊदला ते माहीत नाही आणि इटलीतल्या माझ्या बहिणींनाही नाही.

उस्तादांच्या ध्यानात आलं. आवाज थोडा मऊ करून ते म्हणाले, "आज तिला झाकून ठेव. सुरुवात व्हायोलिनवर घेऊ."

"मग पुढच्या मैफलीत?"

"पुढची मैफल कुठली रे, वगीह? आज वाजली नाही, म्हणजे नाहीच."

"गाण्याला वेळ आहे. तोवर मी काहीतरी करतो."

होवसेपकाकांचं दुकान बंद होतं. घरच्यांना घेऊन ते सकाळीच नावेने धरणाकाठच्या बागांत गेले होते. वगीह मला एका कोपऱ्यात घेऊन बसला आणि भात्याच्या पिना उपसायला लागला. इन्शिराहने पर्समधून नखं घासायची कानस काढली आणि त्याच्यापुढे धरली.

माझं पोट उघडं पडलं. जिभांची पट्टी त्याने बाहेर काढली. प्रत्येक सुराला दोन जिभा असतात. बाहेरची जीभ भाता मिटताना बोलते, आतली उघडताना. आतल्या जिभेपर्यंत पोचायला होवसेपकाकांचा तारेचा आकडा आणि होवसेपकाकांचा हात हवा. वगीहकडे दोन्ही नव्हतं. म्हणजे बाहेरच्या तेवढ्या जिभा उतरणार होत्या. भाता मिटताना गंधार खरा आणि उघडताना खोटा.

त्याने कानस टेकवली. इन्शिराह शेजारी बसून दबक्या, खरखरीत आवाजात तो सूर धरून राहिली. तो घासायचा, पट्टी तोंडाला लावून जिभेवर फुंकर मारायचा आणि तिच्याकडे बघायचा.

"एवढा?"

"अजून."

"आता?"

"अजून किंचित... बास! बास, हात काढ!"

पांढरी सहाचं नीट झालं. पांढरी दोनच्या वेळी बाहेर घंटा वाजली, त्याचा हात दचकला आणि कानस आडवी गेली. केसाएवढी रेघ. त्याने पाहिली, मी सोसली. इन्शिराहनेही पाहिली.  पिना परत ठोकून त्याने मला गळ्यात अडकवलं.

रंगमंचावर लाल दिवा लागला, म्हणजे आता सारा देश ऐकत होता. सुरुवात माझी एकटीची होती. वगीहने भाता उघडत षड्ज घेतला, ऋषभ घेतला आणि गंधार यायच्या नेमक्या क्षणी मिटायला सुरुवात केली. सूर बरोबर लागला. पुढची ओळ त्याने तशीच पार केली. एरवी भाता गाण्याच्या श्वासाबरोबर जातो. त्या संध्याकाळी तो प्रत्येक गंधाराआधी घाईने उघडत होता आणि गंधारावर मिटत होता, अरुंद वाटेवर पाय टाकावा तसा.  उस्ताद दरदीर कानून वाजवता वाजवता माझ्या भात्याकडेच बघत होते. त्यांना काय कळलं आणि काय नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून समजेना.

इन्शिराहचा बसका आवाज त्या गाण्याला असा शोभला, की पहिल्याच कडव्यानंतर सभागृह उसळलं. आणि प्रत्येक गंधाराबरोबर ती आडवी रेघ माझ्या जिभेत खोल जात होती. मला ते जाणवत होतं आणि सांगायला तोंड नव्हतं. बोलायचं ते सगळं त्याच जिभेने.

दुसऱ्या कडव्याआधी पुन्हा माझी एकटीची ओळ होती. षड्ज, ऋषभ, आणि गंधारावर ती जीभ तुटली. आवाज झाला नाही. वगीहने पट्टी दाबली आणि तिथे काहीच आलं नाही. एक श्वासभर शांतता. पुढचा मध्यम त्याने तसाच घेतला.

आणि सभागृहातून वाहवा उठली, तिथल्या रीतीची. "अल्लाह! अल्लाह!" त्या रिकाम्या जागेत ज्याने त्याने आपापल्या मनात तो सूर म्हटला होता. लोकांना वाटलं, कारागिरी आहे. पुढच्या रांगेतला एक जाडा गृहस्थ उभा राहून ओरडला, "पुन्हा! तीच ओळ! तुझ्या आईची शपथ, पुन्हा!" मग सगळेच ओरडायला लागले. तिथल्या मैफलीत लोकांनी ओळ परत मागितली, की ती द्यावीच लागते.

वगीहने उस्तादांकडे पाहिलं. गंधार आता मिटतानाही नव्हता आणि उघडतानाही नव्हता. उस्तादांचं बोट कानूनच्या नेमक्या त्या तारेवर टेकलेलं होतं. त्यांनी ती छेडली असती, तर ओळ पुरी झाली असती आणि मी मुकी आहे हेही साऱ्या देशाला कळलं असतं. त्यांची अट त्यांना पाठ होती.

वगीहने भाता उघडला. षड्ज. ऋषभ. उस्तादांनी तारेवरचं बोट उचललं आणि तो सूर भरायला सरसावलेल्या व्हायोलिनवाल्यांना डावा तळवा दाखवून थांबवलं. साऱ्या वाद्यवृंदाने मिळून तो गंधार सोडला. सभागृह वेडं झालं. ती ओळ आम्ही आणखी कितीतरी वेळा वाजवली आणि दर वेळी तो सूर लोकांनीच मनात म्हटला.

पडदा पडल्यावर उस्ताद जवळ आले. त्यांनी माझ्या पांढरी दोनवर बोट दाबलं, भाता मिटला, काही आलं नाही.

"कधी तुटली?"

"दुसऱ्या कडव्याआधी, उस्ताद. अट मोडली. मी जातो."

"जातोस कुठे? उद्या सकाळी तालीम आहे. सूनबाईंच्या तोंडात आधी जीभ बसवून आण." मग वळून इन्शिराहला म्हणाले, "आणि तुमच्या मातोश्रींना माझा सलाम सांगा. पुढच्या सणाला त्यांना आम्ही कोंडून ठेवणार आहोत."

त्या वर्षी ते गाणं प्रत्येक गल्लीत वाजलं, आणि लग्नातले बँडवाले ती जागा मुद्दाम रिकामी सोडायचे. होवसेपकाकांनी मात्र तुटलेली जीभ तळहातावर घेऊन पाहिली, आडवी रेघ पाहिली आणि वगीहशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. नवी जीभ त्यांनी बसवली, ती पाठ फिरवून. पुढे ते लेकीकडे कॅनडाला गेले आणि तिथेच राहिले. उस्ताद दरदीर दोन वर्षांनी, सदुसष्टच्या युद्धाच्या वर्षी, हिवाळ्यात गेले. तोपर्यंत त्यांच्या वाद्यवृंदात दोन अकॉर्डियन झाल्या होत्या. इन्शिराह पुष्कळ वर्षं गायली. मग आवाज थकला तशी अलेक्झांड्रियाला बहिणीकडे जाऊन राहिली. ते गाणं ती शेवटपर्यंत काळी पाचमध्येच गात होती, घसा बरा असतानासुद्धा. वगीह रेडिओत म्हातारा झाला. शेवटी बोटं आखडली, तेव्हा तो मला नुसता मांडीवर घेऊन बसायचा आणि भाता उघडायचा, मिटायचा. तो गेल्यावर त्याच्या मुलीने मला कपाटावर ठेवलं. प्रेमाने ठेवलं, रेशमी कापडात गुंडाळून. पण त्यानंतर मला कुणी उघडलं नाही. भात्याच्या घड्या एकमेकींना चिकटत चालल्यात, जिभांवरचं मेण सुकलंय, आणि उन्हाळ्यात कसर माझ्या लोकरीच्या गाद्या कुरतडते ते मला ऐकू येतं.

मित्रांनो, तुमच्या घरात असं एखादं जुनं वाद्य असेल, तर त्याला कापडात गुंडाळून जपू नका. ते बिघडलं, तर माहितगार माणूस सणाहून परत येईपर्यंत थांबा. नखं घासायची कानस हाती घेऊ नका. वाजवता येत नाही म्हणून लाजू नका. महिन्यातून एकदा पिशवीतून काढा, मांडीवर घ्या, भाता सावकाश उघडा आणि सावकाश मिटा. सूर नाही आला तरी चालेल. आत हवा तेवढी फिरू द्या.