खांबाच्या सावलीतली रांग

उन्हाळ्यात बातम्यासुद्धा सावली धरून बसतात. शाळा बंद, कचेऱ्या अर्ध्या रिकाम्या, भांडखोर माणसंही भांडण उन्हं उतरेपर्यंत पुढे ढकलतात. छोट्या दैनिकात उपसंपादक असलेल्या बाईंच्या टेबलावर त्या सकाळी आलेला ऐवज असा होता: वरच्या वस्तीत नळाला करंगळीएवढी धार, वाचनालयाचा पंखा पुन्हा बंद, आणि एक हरवलेला पोपट, 'शिव्या देतो, त्यावरून ओळखावा'. बाईंनी पोपटाला दोन ओळी दिल्या आणि सगळ्यांत खाली आपली बातमी ठेवली. पुन्हा एकदा.

बातमी साधी होती. रस्ता रुंद करताना दवाखान्यासमोरच्या बसथांब्याचं छप्पर काढलं, ते परत बसवलंच नाही. ही बातमी आधी कुलरच्या जाहिरातीने खाल्ली होती, मग कुणाच्या तरी सत्काराने. दोन्ही वेळा संपादक म्हणाले होते, "उद्या बघू." बाईंची आई गुडघ्याच्या व्यायामासाठी त्या दवाखान्यात जायची. मागच्या आठवड्यात परत येताना थांब्यावर तिचे डोळे फिरले आणि ती फुटपाथच्या कडेवरच बसली. घरी आल्यावर म्हणाली, "काही नाही गं, जरा टेकले." आईचं 'जरा' किती मोठं असतं ते बाईंना चांगलं ठाऊक होतं.

"उद्या पहिल्या पानावर अंडं," संपादक आत येता येता म्हणाले. "पारा काय चढलाय, बघताय ना?"

पारा चढला की रस्त्यावर अंडं फोडायचं आणि ते शिजल्याचा फोटो छापायचा, ही त्या दैनिकाची जुनी खोड होती.

"शिजत नाही ते, साहेब," बाई म्हणाल्या.

"दरवर्षी शिजतं."

"दरवर्षी समोरच्या चहावाल्याच्या तव्यावर शिजतं. नाना ते नुसतं रस्त्यावर आणून ठेवतात."

कोपऱ्यात बसलेले फोटोग्राफर नाना एकाएकी कॅमेऱ्याची काच पुसायला लागले.

"बाई, तुम्ही रसायनशास्त्र शिकलात, मान्य. पण लोकांना अंडं आवडतं. थांब्याचं कोण वाचणार?"

"डांबर तव्याइतकं तापत नाही. त्यात अंडं पडलं की खालची जागा तेच गार करतं. आज खरोखर करून बघू. शिजलं तर फोटोखालच्या ओळी मी स्वतः लिहिते, तुम्ही म्हणाल तशा रसभरीत. नाही शिजलं तर पहिल्या पानावरची ती जागा थांब्याची."

"आणि शिजलं की नाही ते कोण ठरवणार? तुम्ही म्हणाल कच्चं, नाना म्हणतील पक्कं."

"मी कशाला काही म्हणेन?" नाना पुटपुटले.

"उलटण्यावर अख्खं उचललं गेलं तर शिजलं," बाई म्हणाल्या. "सांडलं तर नाही."

संपादकांना पैज नाकारता येत नसे. तो त्यांचा जुनाच दोष होता. "चला, पंच म्हणून मीच येतो. कुठे करायचं?"

"दवाखान्यासमोर. तिथे दिवसभर ऊन असतं."

संपादकांनी भुवया उंचावल्या, पण शब्द देऊन बसले होते.

दुपार कलली तेव्हा तिघं थांब्यावर पोचले. काढलेल्या छपराचे लोखंडी पाय फुटपाथमधून वीतभर वर राहिले होते. फुटपाथच्या मागे उंच खांबावर कुलरच्या जाहिरातीचा भलामोठा फलक होता. फलकाची सावली भर रस्त्यात पडली होती, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या कामाची. माणसांच्या वाट्याला फुटपाथवर आडवी पडलेली खांबाची सावली आली होती, जेमतेम एका माणसाच्या रुंदीची. तिच्यात बसची वाट बघणारे एकामागे एक उभे होते. मध्येच हातात कापडी पिशवी घेऊन बाईंची आई होती. तिने लेकीला पाहिलं, लेकीच्या हातातलं उलटणं पाहिलं.

"घरातलंच आणलंस का? तरीच म्हटलं सकाळी सापडेना."

"कामाला आणलंय, आई."

"वर्तमानपत्रात आता स्वयंपाकही करता वाटतं."

बाईंनी रस्त्याच्या कडेला डांबर फुंकून साफ केलं, अंडं फोडलं आणि शेजारी उभ्या राहिल्या. अंडं पसरलं. कडेला पांढुरकं झाल्यासारखं वाटलं, वाटलं तेवढंच. रांगेतले लोक तिथूनच माना लांब करून बघत होते, सावली सोडून कुणी पुढे आलं नाही.

"शिजतंय हां," संपादक म्हणाले.

"वाळतंय," बाई म्हणाल्या.

वेळ जात होता. बाईंच्या पाठीवर ऊन नुसतं ठाण मांडून बसलं होतं. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, पण जागा सोडली नाही. जागा सोडली तर मागे तवा तापायला वेळ लागणार नाही, हे त्यांना माहीत होतं. संपादक आधी रुमालाने टक्कल पुसत होते. मग रुमाल टकलावर राहिला. मग ते रांगेच्या टोकाला, आईच्या दोन माणसं मागे, जाऊन उभे राहिले.

"अहो, सरका," आईने मागे वळून सांगितलं. "सावली सरकली की सगळ्यांनी सरकायचं. एकजण अडला की मागचे भाजतात."

"सरकतोय हो, आजी," संपादक म्हणाले आणि सगळ्या रांगेबरोबर पाऊलभर बाजूला झाले.

तेवढ्यात नानांचा कॅमेरा वाजला. तो अंड्याकडे नव्हता.

बाईंनी उलटणं अंड्याखाली सारलं. पिवळा बलक घरंगळला, फुटला आणि डांबरावर वाहत गेला. एक कुत्रा आला, त्याने वास घेतला आणि तोही खांबाकडे निघून गेला.

"सांडलं," बाई म्हणाल्या.

संपादक रांगेबरोबर आणखी एक पाऊल सरकले.

कचेरीत परतल्यावर नानांनी फोटो पडद्यावर लावला. एक खांब, त्याची सावली आणि सावलीत मण्यांसारखी ओवलेली माणसं. वर कुलरच्या फलकावर 'गारवा तुमच्या दारी'. शेवटचा मणी, डोक्यावर रुमाल घेतलेला.

"फोटो चांगला आहे," संपादक सावकाश म्हणाले. "मला तेवढं कापा."

"तुम्हाला कापलं तर सावलीचं टोकही जातं," बाई म्हणाल्या. "मग ती संपते कुठे ते कळत नाही. टोकाच्या मागे उन्हात उभी असलेली बाई आणि तिच्या कडेवरचं बाळही जातं."

संपादक पुढे वाकले. ती बाई त्यांनी पाहिलीच नव्हती. ती त्यांच्या अगदी पाठीशी उभी होती.

मग त्यांनी खुर्ची मागे सारली.

"चार कॉलम द्या. आणि माझ्या रुमालाबद्दल एक शब्द नको."

बाईंनी लिहायला घेतलं. छप्पर कधी काढलं, कुणी काढलं, परत बसवायचं कुणाच्या हातात आहे. विशेषण एकही नाही.

"आणि एवढं छापूनही छप्पर आलं नाही तर?" संपादकांनी दारातून विचारलं.

"तर पुढच्या आठवड्यात परत," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आई मंगळवारी जाते."