वजनबाबाचा इन्साफ

देवीचा चांदीचा टोप चोरीला गेला, त्याच्या चौथ्या दिवशी देवगाव रंगारीत वजनबाबा अवतरले. कापसाची वेचणी सोडून अख्खं गाव देवळात लोटलं.

मंडपाच्या आढ्याला दोर, दोराला आडतीवरचं पाच किलोचं वजन. संशयितानं खांबाला डोकं टेकून बसायचं. बाबा ते वजन ओढून त्याच्या नाकाला टेकवणार आणि सोडणार. झोका घेऊन परत आलेलं वजन निर्दोषाच्या नाकापुढं थांबणार, चोराला मात्र दणका.

"टोकाला जाऊन वजन जरा थांबतं का नाय? तिथं देवी इचार करती!" बाबा गरजले. "लई कडक इन्साफ हाय!"

देवळाची किल्ली तिघांकडं असायची. पुजारी वैजनाथ सुटले. सरपंचांचा भाऊ सुटला. देवी भराभर विचार करत होती. तिसरी केसरबाई, वीस वर्षं देऊळ झाडणारी. तिच्या नाकातून रक्त आलं.

"व्हय, हीच!" गाव ओरडलं. सरपंचांनी तिला दिवस मावळायच्या आत गाव सोडायला सांगितलं. केसरबाई नाकाला पदर लावून तशीच बसून राहिली.

शाळेत विज्ञान शिकवणारी प्रेरणा पुढं झाली. "पुन्हा एकदा करू. बाबांचा हात मात्र नको. वजन दोऱ्यानं खांबाला बांधू आणि मागून दोरा कातरू."

"आधी माझ्यावर करा," दूधवाला कडूबा म्हणाला. त्याच्या दुधातलं पाणी गावाला तोंडपाठ होतं.

"गेलं याचं नाक!" गर्दीतल्या लीलाबाई म्हणाल्या.

दोरा कातरला. वजन गेलं, आलं, नाकापासून बोटभर अलीकडं थांबलं आणि परत फिरलं. केसरबाईच्या वेळीही तसंच झालं.

"जेवढ्या उंचीवरून सोडलं, तेवढीच ऊर्जा त्याच्याकडं," प्रेरणा म्हणाली. "खाली येताना ती वेगात जाते, चढताना परत उंचीत. थोडी हवेत जाते, म्हणून ते बोटभर कमीच येतं. टोकाला वेग शून्य होतो, पण मागं ओढणारं त्वरण तिथंच सगळ्यात जास्त, म्हणून ते फिरतं. मधोमध उलटं असतं, वेग सगळ्यात जास्त आणि ते त्वरण शून्य. यात विचार कुणीच करत नाही. मघाशी केसरबाईंच्या वेळी बाबांनी वजन सोडलं नाही, ढकललं. ती जास्तीची ऊर्जा नाकावर बसली."

"झूट!" बाबा ओरडले.

"मग बसा. मी ढकलते."

बाबा बसले. वजन पलीकडच्या टोकाला पोचायच्या आतच बाबा खांबापासून चार हात लांब होते.

"बाबांनी मातर इचार लवकर केला," कडूबा म्हणाला.

दोराला टांगलेली वस्तू झुलते, तिला चोर ओळखता येत नाही. चोर शोधायचा तर माणसांनी पुरावा शोधावा.

सरपंच घसा खाकरून म्हणाले, "केसरबाई, वजनानं सोडलं तुला. उद्यापासून ये झाडायला."

केसरबाई उठली. "वजनानं कडूबालाबी सोडलंय, सरपंच. माझी अब्रू त्या दोराला नका टांगू. चौकीत जा, टोप कुणी नेला ते हुडका. तवर देऊळ तुमीच झाडा."

आणि झाडू तिनं त्यांच्या हातात दिला.