असू दे

"वाचा, मोठ्यानं वाचा," म्हणत मालकांनी पोस्टकार्ड बाईंच्या टेबलावर ठेवले.

बाईंनी चष्मा पुसला आणि वाचू लागल्या. "पान एकतीसवर चूक आहे. होडीतून उतरणाऱ्या माणसाच्या टोपीतून वेणी बाहेर आलीय. म्हणजे ती बाई आहे. मग 'दोघांनी' कसं काय? 'दोघींनी' पाहिजे. पुढच्या वेळी नीट तपासा. मला शुद्धलेखनात नेहमी दहापैकी दहा असतात." खाली एका मुलीची सही होती, इयत्ता चौथी.

मालकांना हसू आवरेना. या प्रकाशनात सदतीस वर्षे मुद्रिते तपासणाऱ्या बाईंना सगळे वेलांटीबाई म्हणत. लग्नपत्रिका हातात आली तरी आधी तिच्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढतील आणि मग कोणाचे लग्न ते पाहतील, अशी त्यांची ख्याती. त्यांची चूक चौथीतल्या मुलीने काढावी, म्हणजे कमालच झाली.

पुस्तक लहान मुलांचे होते, बत्तीस पानांचे. समुद्रावरच्या दीपगृहात दिवा सांभाळणारी एक बाई राहत असते. रोज संध्याकाळी तिला लांबवर एका होडीचा कंदील दिसतो, आणि ती त्याची वाट पाहू लागते. शेवटी होडी काठाला लागते. तिथे लिहिले होते, "मग दोघांनी मिळून दिवा लावला." संपली गोष्ट.

लेखिकेने "दोघींनी" लिहिले होते. पुस्तक पाहून तिने विचारले, तेव्हा मालकांनी तिला छपाईची चूक झाली, पुढच्या वेळी सुधारू, असे कळवून टाकले होते. आता दुसरी आवृत्ती निघणार होती, म्हणजे पुढची वेळ आली होती, पण मालकांचा विचार वेगळा होता.

"चित्रकाराला सांगतो, वेणी पुसून टाक," ते म्हणाले. "शब्द आहे तसा राहू दे. तुमच्या त्या एका कान्यानं वाचवलं बघा आपल्याला."

कशापासून वाचवले, ते बाईंना ठाऊक होते. या पुस्तकाच्या दोन वर्षे आधी मालकांनी एक गोष्ट छापली होती, एका घरात राहणाऱ्या, एकमेकांवर जीव टाकणाऱ्या दोन काकांची. एका शाळेने गठ्ठाच परत पाठवला. एका वडिलांनी, आमच्या मुलांना काय शिकवताय, म्हणून तीन पाने लिहिली. एक पत्र एका वाचनालयातूनही आले होते, की मुले पुस्तक परत आणून देतात आणि लगेच पुन्हा मागतात, आणखी एक प्रत पाठवा. ते पत्र कोणी फाइलला लावले नाही. बाईंनी ते आपल्या खणात ठेवले.

दुपारची वेळ होती. पंखा फिरत होता, कागदांची टोके हलत होती, आणि बाईंना सिस्टरचा आवाज ऐकू येऊ लागला.

सिस्टर म्हणजे नर्स. इस्पितळातले सगळे तिला सिस्टर म्हणत, मग बाईही म्हणू लागल्या आणि एकोणतीस वर्षे तेच नाव राहिले. इमारतीत त्यांना "वरच्या मजल्यावरच्या दोघी" म्हणत. दूधवाला दोघींचे दूध म्हणायचा, टपालवाला दोघींचे टपाल. यापलीकडे कोणी कधी काही विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. बाई मुद्रिते घरी आणत. सिस्टर समोरच्या खुर्चीत बसून हस्तलिखित मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट. "होडी आली स्वल्पविराम कंदील हलला पूर्णविराम." शब्द जमिनीवर टेकल्याशिवाय ती पुढचा उचलत नसे. ऐकता ऐकता बाईंना वाटे, खोलीतच पाणी भरत आले आहे आणि आपल्या दोन खुर्च्या त्यावर तरंगताहेत.

दीपगृहाच्या गोष्टीची मुद्रिते घरी आणली त्या दिवशी "मग दोघींनी मिळून दिवा लावला" हे वाक्य सिस्टरने दोनदा वाचले. दुसऱ्यांदा हळू. मग ती हसून चहा टाकायला आत गेली.

आणि बाई घाबरल्या. त्या दोन काकांवरून आलेली पत्रे त्यांनी वाचली होती. हे वाचून लोक पुस्तकावरून आपल्याकडे बघतील, वरच्या मजल्याकडे बघतील, असे त्यांना वाटले. चोराच्या मनात चांदणे. चोरी काही केलेली नव्हती, पण चांदणे लख्ख पडले. आतून कपांचा आवाज येत असताना त्यांनी वेलांटी खोडून काना दिला. अनुस्वार तेवढा जागच्या जागी राहिला.

पुस्तक छापून आले, तेव्हा सिस्टरने कौतुकाने शेवटचे पान उघडले आणि मोठ्याने वाचले, "मग दोघांनी..." तिथेच ती थांबली. बाईंकडे पाहिले.

"असू दे," ती म्हणाली.

नळ फुटला, दूध उतू गेले, की सिस्टर असू दे म्हणायची. या वेळी मात्र तिने पुस्तक मिटून कपाटात ठेवले आणि पुन्हा कधी काढले नाही. बाईंना माफी मागायची होती. उद्या मागू, उद्या मागू म्हणता म्हणता गेल्या वर्षी सिस्टरच गेली. इमारतीतल्यांना आता बाईंना काय म्हणावे ते सुचत नाही. एकटीला दोघी कसे म्हणणार?

"वेणी पुसायची नाही," बाई म्हणाल्या.

मालकांनी मान वर केली.

"ती चूक छपाईची नव्हती. मी मुद्दाम केली होती. शब्द बरोबर होता, मला भीती वाटली म्हणून मी तो बदलला."

मालकांनी विचारले, गठ्ठे परत आले तर काय करायचे?

"येऊ देत. पत्रांना उत्तरं मी लिहीन. पहिलं या पोरीला, तिचं बरोबर होतं म्हणून."

चित्रकाराला लावायला काढलेला फोन मालकांनी खिशात ठेवला.

बाईंनी कचेरीतल्या कपाटातून जुने मुद्रित शोधून काढले. खोडलेली वेलांटी अजून स्पष्ट दिसत होती. केलेली दुरुस्ती मागे घ्यायची, तर शब्दाखाली टिंबे देऊन समासात दोन शब्द लिहायची त्यांच्याकडे रीत होती. बाईंनी "दोघींनी" या शब्दाखाली एकेक टिंब दिले आणि समासात लिहिले, असू दे. सदतीस वर्षांत हे शब्द त्यांनी शेकडो वेळा लिहिले असतील.

संध्याकाळी ते पान घेऊन त्या घरी आल्या, दिवा लावला, आपल्या खुर्चीत बसल्या. समोरच्या खुर्चीकडे पाहत त्यांनी मोठ्याने वाचले, "मग दोघींनी मिळून दिवा लावला."

आणि त्या सवयीने थांबल्या. पूर्णविराम म्हणायचे काम सिस्टरचे होते.