वाटीच्या काठावरचं तूप

"आज्जी, हे पांढरं काय आहे?"

इरावतीने वरणाची वाटी खिडकीच्या उजेडात तिरकी धरली होती. मालिनीबाईंनी पोळी लाटता लाटता मान वळवली आणि लाटणं तसंच थांबलं. वाटीच्या काठाला बारीक, रवाळ, पांढरा थर धरला होता. एरवी नात गरमगरम जेवून उठायची. आज तिचा शाळेचा ऑनलाइन तास लांबला आणि ताट पाऊण तास टेबलावर गार पडलं. मे महिना संपत आला तरी फेल्डहोवन या डच गावात घरात स्वेटर घालावा लागत होता.

"डाळच आहे गं. गार झाली की घट्ट होते."

"डाळ पिवळी असते." इरावतीने तो थर बोटाने निपटला आणि दोन बोटांत चोळला. लगेच विरघळला. "आज्जी, हे तूप आहे?"

खोबरेल आहे म्हटलं असतं तर वेळ निभावली असती. खोबरेलही थिजतं. शब्द मालिनीबाईंच्या ओठांवर आलाही होता, पण मिरजेकडच्या एका दूध डेअरीच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं दुधातल्या फॅटचं प्रमाण काढण्यात गेलेली ही बाई. फॅटबद्दल खोटं बोलायला त्यांची जीभ वळेना.

"किती दिवस?" इरावतीने विचारलं.

"तू वाळत चालली होतीस बाळा. त्यात हा साथीचा रोग. प्रतिकारशक्ती नको का?"

"किती दिवस, आज्जी?"

"मार्चपासून."

"रोज?"

"एक चमचा. कधी दीड."

इरावती डचमध्ये काहीतरी पुटपुटली. खरा राग आला की तिला तीच भाषा सुचायची. मग ती उठली, ताट तसंच टाकून जिना चढून गेली. वर दाराचा आवाज झाला नाही. आपटलं असतं तर मालिनीबाईंना बरं वाटलं असतं.

फेब्रुवारीत त्या तीन महिन्यांसाठी लेकाकडे आल्या आणि मार्चमध्ये विमानं बंद झाली. तेव्हापासून त्या अडकल्या होत्या आणि वैतागल्या होत्या. बाहेर माणूस दिसत नव्हतं, दिसलं तर दीड मीटर लांबून सायकलवरून जाई. लेक निहार कॉम्प्युटरच्या चिप बनवण्याच्या मशीनच्या कंपनीत, तो दिवसभर वरच्या खोलीत हेडफोन लावून बसलेला. सून सलोनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेली. आणि चौदा वर्षांची इरावती, जिने जानेवारीपासून दूध, दही, तूप, मध सगळं सोडलेलं. मालिनीबाईंचं घराणं लिंगायत. सात पिढ्यांत कुणी अंडं फोडलं नव्हतं. शाकाहार म्हणजे काय हे आपल्याला शिकवायला कुणी उरलेलं नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. आणि इथे त्यांचीच नात त्यांचा चहा बघून नाक मुरडत होती! ओटच्या दुधाचा चहा त्यांनी एकदा करून पाहिला. तो फाटला. त्या दिवशी त्या कपाशी भांडल्या.

निहार पाणी प्यायला खाली आला. सलोनीने त्याला झालेला प्रकार हळू आवाजात सांगितला. तो मोठ्याने हसला.

"बास? एवढंच? अरे, चमचाभर तुपाने काय होतंय! आई, तू मनाला लावून घेऊ नकोस. दोन दिवसांत विसरेल ती."

"ती विसरणार नाही," सलोनी म्हणाली. "आई, मला तरी विचारायचं होतंत तुम्ही."

सून बोलली याचं मालिनीबाईंना वाईट वाटलं. पण लेक हसला त्याचा त्यांना संताप आला, आणि तो का आला ते कळायला त्यांना पोळपाट धुऊन होईपर्यंत वेळ लागला.

एक्क्याण्णव साली डेअरीच्या स्टाफची सहल पन्हाळ्याला गेली होती. बायकांत शाकाहारी त्या एकट्याच. सुपरवायझर श्रीकांत यांनी स्वतः वाटी आणून दिली होती. "मॅडम, हा नारळाच्या दुधाचा रस्सा, खास तुमच्यासाठी." पांढराशुभ्र, वेलचीचा वास येणारा. त्यांनी वाटी संपवली, वर चांगला झालाय असंही म्हणाल्या, तेव्हा सगळी पंगत हसायला लागली. मटणाचा पांढरा रस्सा होता तो. परतीच्या वाटेवर बसच्या खिडकीतून त्यांना ओकाऱ्या येत होत्या आणि श्रीकांत मागच्या सीटवरून म्हणत होते, "एवढं काय मॅडम, वाटीभर रस्सा तर होता!" पुढची बावीस वर्षं मालिनीबाईंनी त्या माणसाच्या हातचा चहासुद्धा घेतला नाही. श्रीकांत यांच्या मुलीच्या लग्नात जाऊन अक्षता टाकल्या आणि पाणीही न पिता परत आल्या.

त्या जिना चढून वर गेल्या. गुडघे दुखत होते, पण जास्त राग स्वतःचा येत होता, आणि राग आला की त्या वाद घालायच्या. तसंच झालं.

"इरा, मी चुकले. विचारून घालायला हवं होतं. पण तूप म्हणजे काही मांस नाही. आम्ही गाईला मारत नाही."

इरावती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. "आज्जी, आपण वॉकला जातो ना, त्या फार्मजवळ पांढरी प्लास्टिकची घरं आहेत. त्यात एकेक वासरू असतं. एकटं. तू रोज त्यांना 'किती गोड' म्हणतेस. बॉय असेल तर दोन आठवड्यांनी ट्रक येतो. कुठे जातात ती?"

"इथलं इथले लोक जाणोत. आमच्याकडे घरची जनावरं असतात. नावं ठेवतात त्यांना."

"ओके. मग तुमच्याकडे कुठे जातात? यू वर्क्ड देअर. थर्टी वन इयर्स."

मालिनीबाईंकडे याचं उत्तर होतं. ते कधी कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी दिलं नव्हतं इतकंच. त्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"इथे कुणी हे विचारत नाही," त्या म्हणाल्या. "आमच्याकडेही नाही. संकलन केंद्रावर जायचे मी, नमुने घ्यायला. म्हशीला रेडकू झालं, नर झाला, की त्याला लांब बांधायचे. दूध द्यायचे नाहीत. मारत नव्हतं कुणी. आठ-दहा दिवसांत ते आपोआप... मग म्हैस पान्हा सोडेना म्हणून त्याच्याच कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे उभं करायचे. ती त्याला चाटायची आणि दूध द्यायची. मी पाहिलंय. एकदा नाही, पुष्कळदा."

इरावती उठून बसली होती.

"मग तू काय केलंस?"

"दुधाची फॅट काढली. सात पॉइंट दोन लागली होती. अजून लक्षात आहे."

मालिनीबाईंना वाटत होतं की एवढं खरं बोलल्यावर काहीतरी सुटेल, पोर जवळ येईल.

"आणि तरी तू दूध पितेस," इरावती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि तेच जास्त लागलं.

"पिते. पासष्ट वर्षांची आहे मी इरा. सकाळी उठून चहा नसेल तर मला आणखी काय आहे? त्या दुधावर तुझ्या बाबाचं इंजिनिअरिंग झालं. ते सगळं पाप होतं असं म्हणू का मी आता?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग काय म्हणतेस?"

"मी तुला काय खा, काय पी सांगितलंच नाही कधी. तू मला न विचारता खायला घातलंस. दॅट्स ऑल."

यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. असतं तर त्यांनी घातला असता.

त्यानंतर इरावती स्वतःचं स्वतः करून खाऊ लागली. एक छोटं पातेलं आणि एक झारा तिने वेगळा काढला आणि कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवला. बोलणं बंद नव्हतं. मास्क कसा धुवायचा ते ती आजीला दाखवी, औषधांची आठवण करी. फक्त ताटावर बसायची वेळ आली की ती आपलं पातेलं काढी. निहार दोन-चारदा ओरडला, "किती ताणायचं?" मालिनीबाईंनीच त्याला गप्प केलं. "तिला बोलू नकोस. तुला यातलं काही कळत नाही," असं त्या म्हणाल्या, आणि निहारला ते खरंच कळलं नाही.

जूनच्या मध्यावर सरकारने सोडलेल्या एका खास विमानात त्यांना जागा मिळाली. विमान संध्याकाळचं होतं. सकाळी त्यांनी इरावतीला स्वयंपाकघरात बोलावलं आणि ओट्यापाशी स्टुलावर बसवलं. कुकर तिच्यासमोर घासला, पळी घासली, तेलाच्या बाटलीवरचं लेबल तिच्याकडे फिरवून ठेवलं. हळद, हिंग, मीठ, गूळ, जे घालतील ते आधी तिला दाखवून. लॅबमध्ये शेतकऱ्याला शंका आली की त्या असाच त्याच्यासमोर त्याचा नमुना पुन्हा लावायच्या. इरावती सगळं बघत होती. वरण उकळलं. त्यांनी वाटी भरली आणि तिच्यापुढे ठेवली.

इरावतीने वाटी हातात घेतली. वास घेतला. तिचे डोळे भरून आले आणि तिने वाटी परत ओट्यावर ठेवली.

"सॉरी, आज्जी. मला माहितीये यात काही नाही. तरी नाही जमत. मे बी नेक्स्ट टाइम."

पुढची वेळ कधी, हे त्या वर्षी कुणालाच ठाऊक नव्हतं. मालिनीबाईंना रागवावं असं खूप वाटलं, पण रागवायला जागा नव्हती.

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "जबरदस्तीने खाऊ नये."

इरावतीने आपलं छोटं पातेलं काढून नूडल्स केल्या. दोघी एकाच टेबलावर समोरासमोर बसून जेवल्या. विमानात खिडकीची जागा आहे का, दिल्लीला किती दिवस क्वारंटाइन, असलं काहीबाही बोलल्या. जेवण झाल्यावर मालिनीबाई आपलं ताट घेऊन उठल्या आणि सवयीने त्यांचा हात इरावतीच्या ताटाकडे गेला. तो त्यांनी मधेच थांबवला. आपलं ताट धुतलं, निथळत ठेवलं, हात पुसले, आणि नळ चालूच ठेवून त्या एका बाजूला सरकल्या.

इरावती आपलं ताट घेऊन त्या जागी येऊन उभी राहिली.