उद्याच्या तुकड्यातले बाबा

स्टेशनाला दोन नवे फलाट जोडायचे ठरले आणि समोरच्या अख्ख्या गल्लीचं नशीब नियोजन कचेरीच्या टेबलावर येऊन पडलं. खाली दुकानं, मधे ऑफिसं, वर घरं, असे टोलेजंग मनोरे तिथं उभे राहणार होते. मिश्र वापर की काय म्हणतात त्याला. अहो, त्या गल्लीतला म्हातारा शिंपी जन्मभर तेच करत आला होता! खाली शिलाई मशीन, वर मुलासुनेसकट बिऱ्हाड. पण शिंप्याच्या घराला मनोरा कोण म्हणतो?

या शिंप्याची थोरली लेक त्याच कचेरीत मॉडेलं बनवायची. हात असा कसबी, की नखाएवढ्या खिडकीलाही गज लावायची. "तुमच्या नव्या नकाशात माझी जागा कुठंय गं?" बाबा रोज विचारायचे. "मिळेल हो बाबा, मी आहे ना तिथं," ती म्हणायची. म्हणायला काय जातं!

मॉडेलची पद्धत अशी होती: मधोमध खाच ठेवायची आणि तिच्यात बसतील असे दोन तुकडे करायचे, एक 'आज'चा, एक 'उद्या'चा. पाहुणे आले की आजची गल्ली उचलायची आणि उद्याची बसवायची, की टाळ्या. शिवाय कचेरीतली जुनी हौस म्हणून मॉडेलमधल्या टिकलीएवढ्या माणसांत प्रत्येकजण आपल्या घरचं एक माणूस घालायचा. थोरलीनं आजच्या तुकड्यात दुकानाच्या पायरीवर बाबांना उभं केलं, गळ्यात टेप, डावा खांदा जरासा पडलेला. उद्याच्या तुकड्यात मात्र त्यांना घालायचं राहिलं. कामाच्या रगाड्यात विसरली बिचारी, दुसरं काही नाही.

त्या दिवशी दुपारी पाहुणे यायचे होते. मान आणि खांदा यांत फोन धरून ती बाबांशी बोलत होती आणि बोलता बोलता तुकडे नीट बसतात का ते बघत होती. "अगं, त्या कोटाला अजून काजं..." बाबा म्हणाले, तेवढ्यात तिनं उद्याचा तुकडा बसवला.

"हॅलो? कोण हवंय?" फोनवर वहिनी होती.

"वहिनी, बाबांना दे ना परत."

"कोणाचे बाबा? ताई, बरं आहे ना तुमचं?"

थट्टा असेल म्हणून ती हसली. पण हात आपोआप खाचेकडे गेला. आजचा तुकडा बसला तसे बाबा म्हणाले, "...करायची राहिलीत, आणि बटणं पण." वाक्य तुटल्याचं त्यांच्या गावीही नव्हतं. थोरलीला उमगलं: उद्याच्या तुकड्यात बाबा नाहीत!

तिनं घाईघाईनं दुसरे बाबा घडवले. तीच गळ्यातली टेप, तोच पडलेला खांदा. पण ठेवायचे कुठं? घराच्या जागी तर लिफ्ट होती. तेवढ्यात मोठे साहेब गोंदाची बाटली घेऊन आले. योजना मंजूर झाली होती, आता उद्याचा तुकडा कायमचा चिकटवायचा होता.

"साहेब, या गॅलरीत एक माणूस ठेवू?"

"ती घरं विकायची आहेत बाई. शिंपी उभा दिसला तर घेणार कोण?" साहेब हसले. "ज्याला जागा नाही त्याला फलाटावर उभा कर आणि मोकळी हो."

भांडायला हवं होतं. जीव तुटत होता तिचा, पण साहेब बाटलीचं झाकण उघडून उभे होते. तिनं बाबांना नव्या फलाटाच्या टोकाला चिकटवलं. कुठंतरी आहेत ना, अशी मनाची समजूत घातली. साहेबांनी खाचेत गोंद ओतला, तुकडा दाबला आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

ती धावतच घरी गेली. दुकानात मशीन नव्हतं, पोती रचलेली होती. जिन्यात वहिनी भेटली. "ही जागा तर पहिल्यापासून गोदामाचीच आहे," ती म्हणाली आणि काळजीनं थोरलीच्या कपाळाला हात लावला.

तिथून ती स्टेशनाकडे पळाली. जिथं नवा फलाट व्हायचा होता तिथं अजून नुसतं गवत माजलेलं होतं. भर उन्हात, अगदी टोकाला, बाबा उभे होते. गळ्यात टेप होती. पाय मात्र जमिनीला लागलेले नव्हते. फलाट जेवढा उंच व्हायचा तेवढ्या उंचीवर ते उभे होते आणि त्यांच्या चपलांखालून वारा गवत हलवत होता.

"बाबा!" तिला रडू फुटलं. तिनं टाचा उंचावून हात वर केला. "चुकलं माझं. घरी चला."

त्यांनी मान वळवली नाही, वळतच नसावी. पण आवाज नेहमीचाच होता, मायेचा.

"हात नको लावूस गं बाळ. गोंद ओला आहे अजून."