भिंगरीचा उजवा पाय

मी एक जुना लाकडी पाय आहे. दचकू नका मित्रांनो, मला कुणाच्या अंगावरून कापून आणलेलं नाही. बूट बनवणारे लोक पायाच्या मापाचा लाकडी साचा कोरतात आणि त्यावर चामडं ताणून बूट शिवतात. मी तसा एक साचा, उजव्या पायाचा. आणि पाय कुणाचा म्हणाल, तर भिंगरीचा.

भिंगरी म्हणजे माझ्या मालकांचं शेंडेफळ. एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून हे नाव. तिच्या पहिल्या बुटांसाठी बाबांनी मला कोरलं. पोरीचा पाय वाढला की दर वेळी नवा साचा कोण कोरत बसणार? ते माझ्यावर चामड्याची एक पट्टी बारीक खिळ्यांनी ठोकायचे, की झालो मी मोठा. "लाकूड वाढत नाही, पोरगी वाढते," असं म्हणत ते हातोडी चालवायचे आणि भिंगरी समोर बसून "हळू, त्याला दुखेल," म्हणायची. खरं सांगतो, त्या दिवसांइतकं कौतुक माझं पुढे कधी झालं नाही.

मग वाईट काळ आला. वर बसलेल्यांनी ठरवलं की आमच्या माणसांची नावनिशाणी ठेवायची नाही. वर्षानुवर्षं आमच्याकडून बूट शिवून घेणारे शेजारी दुकानासमोरून मान खाली घालून जाऊ लागले. तेव्हा भिंगरीचे बूट तिला चावत होते. बाबांनी मला पिशवीत घालून थोरल्या मुलीकडे दिलं आणि तिला नदीपलीकडच्या चामडेवाल्याकडे पाठवलं, नव्या बुटांचं चामडं आणायला. भिंगरीलाही जायचं होतं, पण आई म्हणाली, "टाचेला फोड आलेत, तू घरी बस." थोरली पलीकडे पोचली आणि अलीकडे शिपाई आले. त्यांनी अख्खी गल्ली रस्त्यावर काढली आणि चालवत नेली. त्यातलं कुणीही परत आलं नाही. चामडेवाल्याने थोरलीला कातड्यांच्या ढिगामागे लपवलं. तो आमच्यातला नव्हता, सापडला असता तर त्याचाही जीव गेला असता, तरी लपवलं.

थोरली परक्या मुलखात वाढली. हातमोजे शिवून तिने पोट भरलं, लग्न केलं, आई झाली, आजी झाली. मी कपाटात पडून. तिच्या मुलाने एकदा माझी हातोडी करून अक्रोड फोडले, तेव्हा त्याला असा धपाटा बसला की विचारू नका. पण का बसला, ते काही त्याला सांगितलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "जुनं आहे, राहू दे." घरात कुणी नसलं की मात्र मला मांडीवर घ्यायची आणि पट्ट्यांवरून अंगठा फिरवायची. एकेका पट्टीत भिंगरीचं एकेक वर्ष होतं. तिचा फोटो नव्हता. तिला ओळखणारी जगात ही एकटीच उरली होती. तसा मीही होतो, पण मला कोण विचारतो?

आजीची नात हायस्कूलमध्ये इतिहास शिकवते. "आजी, एकदा माझ्या वर्गात येऊन त्या दिवसांचं सांग," म्हणून तिने किती मागे लागावं. आजी दाद देईना. "लोकांच्या पोरांना कशाला रडवायचं?" मग एका सकाळी आजीला भिंगरीचा चेहराच आठवेना. ती फार घाबरली. आपण गेलो की ही पोर जन्मलीच नव्हती असं होईल, हे तिच्या ध्यानात आलं. तिने नातीला सांगितलं, "येते मी. साचा घेऊन येते."

नात हरखून गेली. शाळेत न्यायचं म्हणून तिने मला घासूनपुसून तेल लावलं, आणि मला चिकटलेली ती काळी, फाटकी कातडी पकडीने उपटून टाकली. मी मनात आकांत करत होतो, पण लाकडाचं ऐकतो कोण? बिचारी भलं करायला गेली आणि होत्याचं नव्हतं करून बसली.

वर्गात आजीने मला फडक्यातून काढलं. अंगठा सवयीने पट्ट्यांकडे गेला.

"पट्ट्या कुठायत?"

नातीचा चेहरा पांढराफटक पडला. "आजी, ती घाण... मला वाटलं..." कचऱ्याची गाडी केव्हाच येऊन गेली होती.

आजी मटकन खुर्चीत बसली. आता ही उठून घरी जाणार आणि भिंगरी कायमची जाणार, या विचाराने मला भरून आलं. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरच्या चष्मेवालीने विचारलं, "आजी, कशा होत्या त्या पट्ट्या?"

"कशा म्हणजे? चामड्याच्या."

दोघंतिघं हसली. आजीच्याही ओठांवर थोडं हसू आलं. "पहिली इथे होती, अंगठ्याशी. त्या वर्षी भिंगरी कातडी भिजवायच्या हौदात पडली. कितीतरी दिवस तिच्याशेजारी जेवायला कुणी बसेना."

चष्मेवालीने वहीचा पुठ्ठा फाडला, घडी घातली आणि चिकटपट्टीने माझ्या अंगठ्याशी लावली. "एवढी?"

"अगं, पोरगी होती ती, हत्ती नव्हे. पातळ कर."

मग सगळा वर्ग माझ्याभोवती गोळा झाला. दुसरी पट्टी, पुढचे दात पडले आणि त्या फटीतून ती शीळ घालायला शिकली त्या वर्षाची. तिसरी लांबीला, कारण उन्हाळ्यात पोरगी एकदम उंच झाली. आजी सांगत गेली, मुलं चिकटवत गेली. शेवटी आजीने टाचेचे फोड सांगितले, शिपाई सांगितले, तो रस्ता सांगितला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा लोकांसमोर रडली. मुलंही रडली. मी दिसत होतो बुजगावण्यासारखा, पण माप बिनचूक होतं.

पुढच्या वर्षी नव्या वर्गासाठी आजी पुन्हा आली. आताशा तिला बरंच विसरायला होत होतं. "ही दुसरी पट्टी," ती म्हणाली. "त्या वर्षी ती हौदात पडली."

चष्मेवाली आता वरच्या वर्गात होती, पण खास विचारून मागे येऊन बसली होती. ती हळूच म्हणाली, "आजी, हौद पहिल्या पट्टीचा. दुसरीला दात पडले."

आजीने डोळे वटारले. "माझ्या बहिणीचं मलाच शिकवतेय ही." मग मला तिच्यापुढे धरलं. "ये, तूच सांग."

ती पुढे आली आणि सांगू लागली. शीळसुद्धा घालून दाखवली. आजी डोळे मिटून ऐकत राहिली. भिंगरीची गोष्ट तिने दुसऱ्या कुणाच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती.

म्हणून मित्रांनो, घरातलं जुनं काही घासायला घ्याल, तर आधी ते कुणाचं आणि कशाचं ते विचारा. आणि जे सांगतील ते नीट ध्यानात ठेवा. एक दिवस सांगणाऱ्यालाच ते तुमच्याकडून ऐकावं लागतं.