पूर्ण नाव आणि पत्ता

नानांचं एक मत होतं, आणि पाटबंधारे खात्यातल्या साऱ्या नोकरीत ते त्यांनी बदललं नाही: ज्या तक्रारीखाली नाव-पत्ता नाही ती तक्रार नव्हे, चहाडी. निनावी अर्ज आला की नाना तो न वाचता टराटरा फाडत. स्वतः मात्र पालिकेला नळाबद्दल लिहिलं काय, मिठाईवाल्याला जिलेबी कच्ची राहिल्याचं कळवलं काय, खाली ठसठशीत लिहायचेच: लक्ष्मीकांत विनायक पुराणिक, मग घर नंबर, गल्ली, रामबाग, इंदूर. दारावरच्या पितळी पाटीवरही तेच. ती पाटी ते दर रविवारी चिंच लावून घासत. माणसाला लपायची हौस का असावी, हे त्यांना कधी उमगलं नाही.

वल्लरी ही त्यांची एकुलती मुलगी. आई गेल्यापासून घरात दोघंच. विजयनगरातल्या एका लहानशा कंपनीत ती कामाला होती. कंपनीने मोबाइलवरचा एक खेळ काढला होता, 'अग्निझुंज'. गौतमपुऱ्याच्या दिवाळीतल्या हिंगोट-युद्धासारखाच तो: दोन फळ्या समोरासमोर, एकमेकांवर पेटते गोळे फेकायचे आणि ढालीने चुकवायचे. वल्लरीचं काम मात्र झेलायचं होतं. खेळणारे कंपनीच्या फोरमवर जे काही ओकत ते सगळं तिने वाचायचं. बहुतेक जण आईबहिणीवरून सुरू होऊन तिथेच संपत. उरलेल्यांत ज्याला खरंच काही म्हणायचं असेल त्याचं म्हणणं वेचायचं आणि आठवड्यातली सगळ्यात चांगली टीका फोरमच्या माथ्यावर लावायची, म्हणजे ती सगळ्यांना दिसे.

त्या आठवड्याची टीका 'पुराना खिलाड़ी' अशा टोपणनावाच्या कोणाची होती; फोरमवर टोपणनाव घ्यावंच लागे. शुद्ध सरकारी हिंदी, आधी खेळाचं मोजकं कौतुक, मग दोष: देवळाच्या भिंतीआड बसणाऱ्याचा गोळा समोरच्याला लागतो, समोरच्याचा मात्र त्याला लागत नाही, आणि काही मंडळी तिथेच ठाण मांडून जिंकतात. मग उपाय: भिंत कमरेइतकी करा. वल्लरीचा साहेब विक्रांत तर मीटिंगमध्ये म्हणाला की तक्रार असावी तर अशी. भिंत उतरवली गेली. मजकूर बराच लांब होता. फोरमवर पहिल्या काही ओळी दिसत, आणि खाली निळ्या अक्षरांत 'पुढे वाचा' असं येई. मुद्दा कळल्यावर वल्लरीने पुढे वाचलं नाही. वाचण्याचाच जिला पगार, तिने नेमकं तेवढं सोडलं.

'कड़क छोरे' नावाची एक टोळी त्या भिंतीच्या जिवावर कित्येक महिने पहिल्या नंबरावर होती. भिंत उतरली तशी ती धाडकन खाली आली. मग फोरमवर जी शिवीगाळ उसळली ती वल्लरीने नेहमीसारखी पुसून टाकली. असले शूरवीर तिने पुष्कळ पाहिले होते.

घरी मात्र काहीतरी बिनसलं होतं. नानांना फोन येत, पलीकडे कोणी बोलत नसे, नुसता श्वास ऐकू येई. न मागवलेली बिर्याणी दारात आली. नानांनी त्या पोराला पाणी पाजून, माफी मागून परत पाठवलं. आणि गुरुवारी सकाळी, वल्लरी ऑफिसला निघत असताना, गल्लीत शववाहिनी येऊन उभी राहिली. ड्रायव्हर खाली उतरला, पाटी वाचली आणि टोपी काढून हळू आवाजात विचारलं, लक्ष्मीकांतजींची बॉडी कुठे आहे? नाना दारात आले. मग हसून म्हणाले, अजून मीच वापरतोय. ड्रायव्हर ओशाळून गेला, पण वल्लरी ऑफिसपर्यंत त्याचाच विचार करत गेली. हे चुकून झालेलं नाही, एवढं तिला कळत होतं. कोण करतंय आणि का, ते कळत नव्हतं.

ते तिला संध्याकाळ होता होता उलगडलं. 'कड़क छोरे'च्या पानावर एक फोटो होता. निळं फाटक, दाराशी नानांच्या कोल्हापुरी चपला, बाजूला पितळी पाटी. खाली लिहिलं होतं, आज शाम को अंकलजी के घर प्रोग्राम है, लाइव्ह देखना मत भूलना. त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांगच रांग.

 तिने माथ्यावर लावलेली ती तक्रार उघडली आणि पहिल्यांदाच 'पुढे वाचा' दाबलं. शेवटी होतं: आपला विश्वासू, लक्ष्मीकांत विनायक पुराणिक. मग घर नंबर, गल्ली, रामबाग, इंदूर. मोबाइल नंबरसुद्धा. नाना आपल्या टॅबलेटवर हाच खेळ खेळतात, तक्रारही करतात, यातला चकार शब्द त्यांनी तिला सांगितला नव्हता. मुलीच्या वशिल्याने तक्रार लागली असं कोणी म्हणू नये, दुसरं काय. आणि तिने स्वतःच्या हाताने बापाचा पत्ता चव्हाट्यावर टांगला होता.

तिने फोन लावला, नाना उचलेनात. पुन्हा लावला. शेजारच्या वसुधाकाकू महूला भाचीकडे गेलेल्या. पोलिसांना फोन केला तर पलीकडच्या बाईंनी शांतपणे पत्ता विचारला, आणि वल्लरीने तोच सांगितला, त्याच क्रमाने, शब्दही न बदलता.

स्कूटर तिने कशी चालवली ते तिलाच ठाऊक नाही. कृष्णपुऱ्याच्या दगडी छत्र्यांपाशी गर्दीत अडकली तेव्हा ती हॉर्न दाबत उघड उघड रडत होती. दार उघडं असणार, एवढंच डोक्यात घुमत होतं. नाना दिवसा दार लावत नसत.

दार उघडंच होतं. बाहेर दोन मोटरसायकली. पुढच्या खोलीत तिघं जण, एकाच्या हातात मोबाइल, तो नानांवर रोखलेला. कोचाशेजारी टीपॉयवर पाण्याचे तीन पेले होते. नाना इस्त्रीचा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून उभे होते आणि टॅबलेटवरून आपलीच तक्रार वाचत होते. तिला पाहून थांबले.

"वल्लरी, हे लोक तक्रारीच्या चौकशीला आलेत," ते म्हणाले. "मी म्हटलं बैठो भिया, आराम से बताता हूँ. तिसऱ्यांदा वाचायला लावलं बघ."

आवाज रोजचाच होता, पण नजर तिला बाहेर जा म्हणत होती. ही चौकशी नव्हे, हे त्यांना कळलं होतं. कदाचित दुसऱ्या वाचनालाच कळलं असेल.

"अंकलजी, रुको मत," मोबाइलवाला म्हणाला. "आख़िरी लाइन में सॉरी भी बोलना है."

वल्लरीला त्याच्या हातातला पडदा दिसत होता. त्यात तिचे नाना उभे होते आणि त्यांच्या छातीवरून लोकांची वाक्यं भराभर वर सरकत होती. कोणी लिहिलं होतं, बुड्ढे को नचाओ. ती मध्ये जाऊन उभी राहिली आणि म्हणाली की पोलीस निघालेत.

तिघं उठले, पण घाईने नाही. तेच भयंकर होतं. एकाने पेला उचलून उरलेलं पाणी पिऊन टाकलं. मोबाइलवाला दारात वळला.

"चिंता मत करो अंकलजी. घर तो अब देख ही लिया है."

मोटरसायकली गेल्या. वल्लरीने दार लावलं, कडी घातली, वरची साखळीही अडकवली, जी आई गेल्यापासून कोणी वापरली नव्हती. मग ती नानांजवळ बसली आणि रडत रडत सगळं सांगितलं: माथ्यावर तिनेच लावलं, शेवटपर्यंत वाचलं नाही, चूक तिची. नाना ऐकत होते की नाही कोण जाणे. ते दाराकडे बघत होते. बाहेर एक गाडी गेली तशी त्यांनी तिचा हात घट्ट धरला. लहानपणी जत्रेत ती त्यांचा धरायची तसा.

थोड्या वेळाने घंटी वाजली. दोघंही दचकले. वल्लरीने खिडकीच्या जाळीतून पाहिलं. बाहेर पोलीस शिपाई उभा होता, वयस्कर, घामाघूम, पितळी पाटीवर बोट फिरवून नाव वाचत असलेला.

"लक्ष्मीकांत विनायक पुराणिकजी का मकान यही है ना?"

पोलीसच आहेत, असं ती वळून सांगणार, तोच नाना उठून दाराशी गेले. कडीला हात लावला नाही. उभ्या जन्मात पहिल्यांदाच ते बंद दाराआडून बोलले.

"नहीं भिया," ते म्हणाले. "इस नाम का यहाँ कोई नहीं रहता."